बंगल्याचं हॉटेल झालं, पण त्याचा इतिहास कुठे शोधायचा?

महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, खंडाळा, कुठेही जा. जुन्या बंगल्यात थाटलेल्या हॉटेलात शिरलात की गल्ल्यामागे एक चौकट टांगलेली दिसते : ‘सन १८६५ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने बांधलेली ऐतिहासिक वास्तू.’ अधिकारी कोण, जमीन त्याला कुणी दिली, त्याच्यानंतर बंगला कुणाकडे गेला, हॉटेल कधी झालं, यातलं काहीच तिथे नसतं. मालकांना विचारावं तर ते म्हणतात, ‘आम्ही घेतला तेव्हा आधीच्या मालकांनी असंच सांगितलं होतं.’

मी वाईची. भूमी अभिलेख खात्यात अभिलेखपाल होते, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळण्याचंच काम केलं. निवृत्तीनंतर वरच्या काही बंगल्यांचे मालक ‘ताई, आमच्या घराचा इतिहास काढून द्या’ म्हणून यायला लागले आणि मी या कामात ओढले गेले. हे काम कुणालाही जमण्यासारखं आहे, हे मला अगदी मनापासून वाटतं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. चिकाटी लागते, आणि एक पथ्य पाळावं लागतं : आजपासून मागे मागे जायचं. बांधणाऱ्या साहेबापासून सुरुवात केलीत तर दंतकथेत अडकाल. आजच्या मालकाच्या खरेदीखतापासून निघालात तर एकेक पायरी उतरत बरोबर तळाशी पोहोचाल.

आधी पत्ता पक्का करा

हॉटेलचं नाव हा पत्ता नव्हे. नाव दर मालकाबरोबर बदलतं. पाचगणीच्या ज्या बंगल्याचं काम मी सगळ्यात खोलवर केलं, त्याला कागदोपत्री चार नावं सापडली आणि आज पाटीवर आहे ते पाचवंच. जमिनीचा क्रमांक मात्र टिकतो. म्हणून पहिल्या दिवशी फक्त एवढंच मिळवा : नगर भूमापन क्रमांक, म्हणजे आपण ज्याला सिटी सर्व्हे नंबर म्हणतो तो. तो घरपट्टीच्या पावतीवर नाहीतर खरेदीखतात असतो. गावठाणाबाहेरचा बंगला असेल तर गट क्रमांक किंवा जुना सर्व्हे नंबर.

जिल्हा-तालुकाही तपासा, कारण हद्दी बदललेल्या आहेत. माथेरान आज रायगड (म्हणजे पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यात, पण १८५० साली ज्या ह्यू मॅलेटने तो डोंगर साहेब लोकांच्या नजरेत आणला, तो ठाण्याचा कलेक्टर होता. त्यामुळे माथेरानचं जुनं वर्णन हवं असेल तर कुलाब्याचं नव्हे, ठाण्याचं गॅझेटिअर, म्हणजे ब्रिटिश काळातला जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, उघडावं लागतं. आमच्याकडे १९४९ नंतर काही वर्षं उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे होते. त्या काळातल्या दस्तावर ‘जिल्हा उत्तर सातारा’ असं दिसलं तर बिचकू नका, ते आपलंच.

याच वेळी एक सोपी चाळणी लावून घ्या. महाबळेश्वरला जनरल लॉडविक १८२४ मध्ये चढला, आणि गव्हर्नर सर जॉन माल्कमने १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून (घाटातल्या नव्हे, वाईकडच्या) खंडाळा गावाच्या बदल्यात ती जागा कंपनीकडे घेतली. माथेरानची वस्ती १८५० नंतरची. पाचगणीत जॉन चेसनने बस्तान बसवलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये, आणि खंडाळा-लोणावळ्याच्या बंगल्यांना खरा बहर आला तो त्यानंतर. तेव्हा कुणी तुम्हाला माथेरानचा १८३० सालचा बंगला दाखवला तर शांतपणे वही मिटा आणि कागद मागा.

मालमत्ता पत्रक : एका पानात शंभर वर्षं

नगर भूमापन झालेल्या गावात प्रत्येक मिळकतीला मालमत्ता पत्रक असतं. लोक त्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. आता ते ऑनलाइन मिळतं, पण तेवढ्यावर थांबू नका. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून जुन्या हस्तलिखित पत्रकाची नक्कल मागा. संगणकावर चढवताना जुन्या नोंदी आखडल्या जातात, कंसातले शेरे गळतात. आपल्याला नेमके तेच हवे असतात.

पत्रक वाचायची एक रीत आहे. वरच्या भागात क्षेत्रफळ, धारणाधिकार, हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार असे रकाने असतात. खाली तक्ता : दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, आणि नवीन धारक, पट्टेदार किंवा भार. शेवटी साक्षांकनाची सही. बहुतेक लोक धारकांची नावं तेवढी उतरवून घेतात आणि निघतात. तुम्ही धारणाधिकारापासून सुरू करा. गिरिस्थानातल्या बऱ्याच जागा मालकीच्या नव्हत्याच, सरकारी भाडेपट्ट्याच्या होत्या. भाडेपट्टा असेल तर त्याचा करार कुठेतरी असणार, नूतनीकरणाचा पत्रव्यवहार असणार, आणि त्यात बंगल्याचं वर्णन असणार. म्हणजे एका शब्दावरून तुम्हाला पुढची फाइल कुठल्या कार्यालयात मागायची ते कळलं.

पाचगणीच्या त्या बंगल्याचं पत्रक मी टेबलावर पसरलं तेव्हा मूळ धारकाच्या जागी एका पारशी बाईंचं नाव होतं, आणि नावापुढे ‘विश्वस्त’. घरातल्या मंडळींनी आजवर बंगला ‘साहेबाचा’ म्हणूनच सांगितलेला. खाली ‘इतर भार’ मध्ये एक गहाण, त्याखाली गहाण फिटल्याची नोंद, पुढे वारसांची भलीमोठी रांग, मग एका भागीदारी पेढीला विक्री, आणि मग आजचं कुटुंब. या पाच-सहा ओळींत बंगल्याची निम्मी गोष्ट आली. बाईंच्या नावापुढे विश्वस्त का? तर दस्त काढल्यावर कळलं की बंगला समाजातल्या आजारी माणसांना हवापालटासाठी राहायला ठेवलेला होता. पाचगणीच्या कोरड्या हवेसाठी क्षयाचे रोगी तिथे यायचे, त्यांच्यासाठी सॅनिटोरियमं निघाली होती, हे आपल्याला ठाऊक असतं. पण आपल्या हॉटेलातल्या दक्षिणेकडच्या, भरपूर उन्हाच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्या त्याच कारणाने तशा आहेत, हे त्या मालकांना पहिल्यांदा समजलं. आज त्याच खोल्यांचं भाडं सगळ्यात जास्त आहे.

‘कस्टोडियन’ हा शब्द दिसला तर थांबा. फाळणीनंतर देश सोडून गेलेल्यांच्या मिळकती १९५० च्या निर्वासित मालमत्ता कायद्याने सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेल्या, आणि १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्याखालीही काही मिळकती आल्या. मुंबईच्या व्यापारी कुटुंबांचे डोंगरावर बंगले होतेच, त्यामुळे अशा नोंदी सापडू शकतात. हा भाग हॉटेलवाल्यांना पाटीवर नको असतो. माझं म्हणणं असं की तो असायलाच हवा. एक कुटुंब घर तसंच टाकून गेलं, हाही त्या घराचाच इतिहास आहे.

सात-बाराची जमीन असेल तर हेच काम फेरफाराच्या नोंदी करतात. सात-बारावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. एकेक काढत मागे जा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे त्यामागे फेरफार मिळणार नाहीत. जुन्या फेरफारांचं स्कॅनिंग झालेलं आहे आणि बऱ्याच जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. बाकीचे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात.

दस्त नुसता मिळवू नका, शेवटपर्यंत वाचा

फेरफारात किंवा पत्रकात खरेदीची तारीख मिळाली की दुय्यम निबंधक कार्यालय गाठायचं. लोक इथे घाबरतात, ‘आम्ही मालक नाही, आम्हाला कोण दाखवणार?’ नोंदणी कायदा १९०८, कलम ५७ : पुस्तक क्रमांक १ आणि २, आणि पुस्तक १ च्या सूची, फी भरून कुणालाही पाहता येतात. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक १ मध्येच असतात. सूची १ नावावरून लावलेली, सूची २ मिळकतीवरून. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये असतात. ती अशी सरसकट खुली नसतात. मृत्युपत्र करणारा हयात नसेल तर अर्ज करून नक्कल मागता येते. फार जुने खंड जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलेले असण्याची शक्यता असते. आधी तशी चौकशी करा, हेलपाटा वाचेल.

आता दस्त हातात आला की काय वाचायचं? रक्कम आणि नावं सगळेच बघतात. मी आधी परिशिष्ट बघते. चतु:सीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस अमक्याचा बंगला, दक्षिणेस बाजाराकडे जाणारा रस्ता, पश्चिमेस ओढा. यातून शेजारच्या बंगल्यांची त्या वेळची नावं मिळतात. तुमच्या बंगल्याचा कागद गहाळ असेल तर शेजाऱ्याच्या दस्तातल्या चतु:सीमेत तुमच्या घराचं त्या सालचं नाव आणि मालक सापडतो. ही युक्ती मला नोकरीत एका वयस्कर निमतानदारांनी, म्हणजे मोजणी तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, शिकवली, आणि ती आजवर मी अनेकांना दिली आहे.

चतु:सीमेनंतर इमारतींची यादी येते : मुख्य बंगला, स्वयंपाकघर, पागा, नोकरांच्या खोल्या, विहीर, फाटकाजवळची माळ्याची खोली. आणि नशीब चांगलं असेल तर सामानाची यादीही. डोंगरावरचे बंगले पुष्कळदा सामानासकट विकले जायचे, कारण घाटातून ते सगळं खाली आणणार कोण? अशा एका यादीत मी शिसवी पलंग, जाळीचं कपाट, शेगडीच्या जाळ्या, हरणाची शिंगं, चिनी मातीची भांडी ‘फुटकी धरून’ असं वाचलं आहे. त्यातलं जाळीचं कपाट आजही त्या हॉटेलच्या भांडारात लोणच्याच्या बरण्यांखाली उभं होतं. मालकांनी ते त्याच दिवशी बाहेर काढून पुसलं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यापर्यंतचे मराठी कागद बहुधा मोडीत असतात. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून देवनागरी करून घ्या, आणि अंदाजपंचे वाचू नका. मोडीत एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली की मालक बदलतो. सालाचंही लक्षात ठेवा : इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे जानेवारीपासून चैत्रापर्यंत, ७९. महसुली कागदात दख्खनी फसली सन असेल तर ५९० मिळवायचे, जानेवारी ते मृग या काळात ५९१. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झालं, त्याच्या आधीच्या दरबारी कागदात सुहूर सन भेटू शकतो. त्यात ५९९ किंवा ६००.

हॉटेल नेमकं कधी झालं?

हा प्रश्न लोक सोडून देतात, कारण त्यांना साहेबाच्या काळातच रस असतो. मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बंगल्याच्या आयुष्यातला सर्वात मोठा बदल तोच, आणि तो बघितलेली माणसं अजून हयात असतात.

गिरिस्थान नगरपरिषदेत जा. घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत वापराचा रकाना असतो. एका फेरआकारणीत ‘निवासी’ आणि पुढच्या फेरआकारणीत ‘वाणिज्य’ किंवा ‘लॉजिंग’ लिहिलेलं असेल, तर हॉटेल त्या दोन वर्षांच्या मधलं. नळजोडाच्या नोंदी बघा. एका घराला अचानक जादा नळ लागले की खोल्यांना न्हाणीघरं निघालीच. बांधकाम परवानगीच्या फायलीत नकाशे असतात, आणि त्या निळ्या नकाशांवर ‘विद्यमान’ आणि ‘प्रस्तावित’ वेगळ्या रंगात दाखवलेलं असतं. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात खाद्यगृहाच्या परवान्यांची व्यवस्था होती. मालकाच्या कपाटात पहिला परवाना बहुधा चौकटीत लावलेला किंवा देवाच्या फोटोमागे खोचलेला असतो. विचारा.

परवानगी न घेता काही झालेलं असेल तर ते इथेच उघडं पडतं, आणि काही मालकांना ते नको असतं. सुरुवातीलाच त्यांच्याशी स्पष्ट बोला की मी इतिहास शोधतोय, तक्रार करायला आलो नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे बांधकामाचा विषय निघाला की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या समजून घ्या.

भिंतींची साक्ष काढा

कागद संपले की इमारत वाचायला घ्या. किंबहुना दोन्ही एकाच वेळी चालू द्या, कारण एक दुसऱ्याला पकडून देतं.

माळ्यावर चढा आणि छपराचं एक कौल उलटं करा. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव ठसठशीत उमटलेलं असतं. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ साली सुरू झाला, आणि त्यांच्या कौलांवर नावाबरोबर तो आकडाही असायचा. आता सुरुवातीची चौकट आठवा. हॉटेलांच्या पाट्यांवर ‘१८६५’ हे साल दिसलं की मी पहिल्यांदा माळ्यावर जाते. तो कारखान्याच्या स्थापनेचा आकडा आहे. कौल १९०५ चं असलं तरी त्यावर १८६५ असू शकतं. त्यातून एवढंच ठरतं की हे कौल १८६५ च्या आधीचं नाही. पहिल्या महायुद्धात सरकारने त्या मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, म्हणून ‘कॉमनवेल्थ’ असा ठसा दिसला तर छप्पर किंवा निदान ते कौल युद्धानंतरचं. एका कौलावर विसंबू नका, चारी बाजूंची बघा. डोंगरावरच्या पावसात कौलं फुटतात, दरवर्षी थोडीफार बदलतात. सगळ्यात जास्त ज्या ठशाची निघतील तो ठसा मोजायचा. आणि छपराचा उतार खूप उभा असेल, पण कौलं त्यावर नीट बसत नसतील, तर आधी गवताने शाकारलेलं छप्पर होतं का, ते बघा. महाबळेश्वरचे पहिले बंगले तसेच शाकारलेले होते, आणि पावसाळ्यात भिंतींनाही गवताचे झापे बांधत.

लोखंडी तुळया असतील तर टॉर्च घेऊन त्यांच्या पोटावरची अक्षरं वाचा. ‘डोरमन लाँग’ असेल तर इंग्लंडहून आलेली. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघालं १९१२ मध्ये, म्हणून ‘टाटा’ असेल तर त्यानंतरची. भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या की सिमेंटच्या, हे खिळ्याने हलकेच खरवडून कळतं. चुन्यात न विरघळलेले पांढरे खडे दिसतात. पोरबंदरला सिमेंटचा कारखाना १९१४ चा, त्याआधी सिमेंट बोटीने यायचं आणि ते डोंगरावर नेऊन घर बांधणं फारसं कुणाला परवडत नसे. जांभ्याच्या मुख्य भिंती चुन्यातल्या आणि मागची खोल्यांची रांग सिमेंटमधली असेल, तर ती रांग नंतरची. हॉटेलात बहुधा असंच असतं.

आता एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम दाखवायची आहे. झोपायच्या खोलीला लागून जे न्हाणीघर असतं, त्याची बाहेरची भिंत नीट पाहा. बाजूने उजेड टाकला तर गिलाव्याखाली एका अरुंद दाराचा आकार उमटलेला दिसेल, कधी वरची कमान, कधी नुसता उंबऱ्याचा दगड. जुन्या बंगल्यात प्रत्येक न्हाणीघराला बाहेरून एक दार असे. नळ आणि ड्रेनेज यायच्या आधी पाणी वाहून आणणारा भिस्ती आणि मैला उचलणारा सफाई कामगार त्याच दाराने येत-जात. घरातल्या कुणाची नजरही पडू नये अशी ती रचना होती. जातीने ज्यांच्यावर ते काम लादलं त्या माणसांचं नाव एकाही दस्तात येत नाही. पण दार राहतं. मी प्रत्येक बंगल्यात ही दारं मोजते, नकाशावर खुणा करते आणि अहवालात लिहिते. साहेब कोण होता हे कळलं नाही तरी चालेल, पण हे लिहिल्याशिवाय माझ्याकडून काम पुरं होत नाही.

तसंच स्वयंपाकघराचं. ते मुख्य घरापासून वेगळं, वर छप्पर घातलेल्या वाटेने जोडलेलं असायचं. आता तिथे बहुधा भोजनगृह किंवा ‘कॉटेज’ असतं. पागेच्याही खोल्या झालेल्या असतात. ‘हेरिटेज सूट’ म्हणून जी खोली मिळते तिच्या भिंतीत घोडे बांधायची लोखंडी कडी अजून असेल तर मालकांना सांगा, ती काढू नका.

माणसांशी बोला, पण सालं विचारू नका

ज्येष्ठ माळी, धोबी, घोडेवाले, खानसाम्यांची मुलं, बाजारातला जुना वाणी ही खरी दफ्तरं. त्यांना ‘हे कुठल्या साली झालं?’ असं विचारलं की माणूस गप्प होतो किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी आकडा सांगतो. त्यांच्याबरोबर घराभोवती फिरा आणि कामाबद्दल विचारा. पाणी कुठून आणायचात? चावी कुणाकडे असायची? पावसाळ्यात बंगला बंद करताना काय काय करायचं? हंगामात किती माणसं कामाला असायची, आणि बाकीचे महिने ती कुठे जायची?

काळ ठरवायला सगळ्यांना आठवणाऱ्या घटना वापरा. आमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप हा त्यातला पहिला. बहात्तरचा दुष्काळ दुसरा. त्याहून म्हाताऱ्या माणसांना गांधीहत्येनंतरची अठ्ठेचाळीसची जाळपोळ ऐकून माहीत असते. तेव्हा काही घरांबरोबर कागदही गेले, म्हणून ‘कागद का नाहीत’ याचंही उत्तर कधी कधी तिथेच मिळतं. त्याच पाचगणीच्या बंगल्यात माळीमामांना मी विचारलं, ‘मामा, हा काचेचा व्हरांडा कधी झाला?’ ते म्हणाले, ‘साल काय ठावं न्हाई ताई. पर भूकंप झाला तवा म्या हितंच उघड्यावर झोपलो हुतो, ह्याच फरशीवर. काचा नव्हत्या. वरनं धूळ पडली अंगावर.’ नगरपरिषदेत व्हरांडा बंदिस्त करण्याच्या परवानगीची फाइल निघाली १९६९ ची. मामांच्या एका वाक्याने जे सांगितलं होतं त्यावर शिक्का बसला. अहवालात मी त्यांचं वाक्य आधी घेतलं आणि फाइल नंतर.

बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. चहा झाल्यावर लगेच उठू नका. आणि त्यांनी जुने फोटो दाखवले तर मोबाइलवर तिथेच फोटो काढून मूळ प्रत त्यांच्या हातात परत द्या, घरी नेऊ नका.

गॅझेटिअर आणि पुराभिलेख

जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेली मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स आता इंटरनेटवर फुकट आहेत. साताऱ्याचा खंड १९ वा, १८८५ चा. माथेरानसाठी ठाण्याचा खंड १४ वा, १८८२ चा. त्यात तुमचा बंगला नावाने सापडेलच असं नाही, पण त्या वेळी गावात हॉटेलं कोणती होती, पाणी कुठून यायचं, लोक वर कसे चढायचे, हे कळतं. माथेरानला नेरळहून छोटी गाडी सुरू झाली १९०७ मध्ये, पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने. त्याआधी बंगल्याचा प्रत्येक खांब, प्रत्येक काच माणसांच्या किंवा जनावरांच्या पाठीवरून वर गेली.

मुंबईचं पुराभिलेखागार काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. महसूल आणि सार्वजनिक बांधकाम या दोन विभागांचे खंड आपल्या कामाचे. भूखंडवाटप, रस्ते, भाडेपट्ट्याचे अर्ज त्यांत येतात. ओळखपत्र न्या, अर्ज भरा, आणि ‘महाबळेश्वरबद्दल काय आहे?’ असं न विचारता विभाग आणि साल ठरवून जा. तिथल्या कर्मचाऱ्यांना नेमकं मागितलेलं आवडतं. पुण्याचं पुराभिलेखागार पेशवे दफ्तरासाठी प्रसिद्ध आहे, सातारच्या दरबाराशी संबंध असेल तर तिथेही डोकावा. इंग्रज मालकाचं नाव हाती लागलं असेल तर गावातल्या चर्चची दफनभूमी आणि तिची नोंदवही बघा; पाचगणीच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात चेसनचीच कबर आहे.

दंतकथांचं काय करायचं?

फेकून द्यायच्या नाहीत, पण तपासल्याशिवाय पाटीवर लावायच्या नाहीत. प्रत्येक बंगल्यात एक गव्हर्नर उतरलेला असतो, एक भुयार असतं आणि एक गोरी बाई रात्री फिरते. गव्हर्नरच्या मुक्कामाच्या बातम्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत छापून येत, तिथे बघा. गांधीजी राहिल्याचं सांगत असतील तर ते तपासणं फार सोपं आहे : त्यांच्या पत्रांवर ठिकाण आणि तारीख असते. ते १९४४ मध्ये पाचगणीत होते आणि १९४५ मध्ये महाबळेश्वरला मोरारजी कॅसलमध्ये राहिले. पत्रांवरच्या तारखांना तुमचा बंगला बसत नसेल तर गोष्ट सोडून द्या. भुयार बहुधा पावसाच्या पाण्याची मोरी निघतं, आणि डोंगरावरच्या पावसात ती कशी बांधली होती हे भुयारापेक्षा पुष्कळ रंजक असतं.

लिहायचं कसं

मजकूर तीन थरांत लिहा आणि थर मिसळू देऊ नका. कागदात आहे ते सरळ लिहा. माणसं सांगतात ते ‘सांगतात’ म्हणूनच लिहा. इमारतीवरून बांधलेला अंदाज ‘यावरून वाटतं’ असा लिहा. पाचगणीच्या हॉटेलसाठी आम्ही लावलेला मजकूर साधारण असा होता : ‘या बंगल्याची पहिली सापडलेली नोंद एका पारशी विश्वस्त बाईंच्या नावाने आहे. आजारी माणसं हवापालटासाठी इथे राहत. मागच्या रांगेतल्या खोल्या नंतर बांधल्या. समोरचा व्हरांडा १९६७ च्या भूकंपापर्यंत उघडा होता, असं इथे काम केलेले माळी सांगतात. प्रत्येक न्हाणीघराला बाहेरून दार होतं. पाणी आणणारे आणि सफाई करणारे लोक तिथून येत. त्यांची नावं कागदांत नाहीत.’ बांधणाऱ्याचं नाव त्यात नाही, कारण ते मिळालं नाही. मालकांना आधी ते रुखरुखीचं वाटलं. पण पाहुणे आता ती पाटी वाचून उठतात आणि दारांच्या खुणा शोधायला मागे जातात.

हयात माणसांची नावं, जुन्या पाहुण्यांच्या नोंदवहीतले पत्ते, कुटुंबातल्या वाटण्यांचे तपशील पाटीवर नकोत. ते अहवालात ठेवा.

सगळ्या कागदांचे स्कॅन करून एक संच मालकांकडे, एक गावच्या वाचनालयात आणि एक स्वतःकडे ठेवा. हॉटेल विकलं गेलं की आधीच्या मालकाची कपाटं पहिल्यांदा रिकामी होतात आणि कागद रद्दीत जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मालकांना हेही सांगा की आजचे कागदही ठेवायचे : या वर्षीच्या रंगकामाचं बिल, काढून टाकलेल्या खिडकीचा फोटो, कामावर असलेल्या सगळ्यांची यादी, पार भांडी घासणाऱ्या बाईंपर्यंत, पूर्ण नावांसकट.